बाटलीतला साका: घरची बिअर ओतताना गढूळ का होते आणि त्यावर काय करायचं

घरी केलेल्या बिअरची बाटली दोन आठवडे कपाटात ठेवली, मग फ्रीजमध्ये घातली. उजेडाकडे धरली तर आतली बिअर नितळ दिसते. ग्लास तिरपा धरून ओतायला लागलं की पहिला अर्धा ग्लास छान येतो आणि मग तळातून ढग उठतो. उरलेली बिअर ताकासारखी. चव पिठूळ, जिभेवर यीस्टचा कडवट चिकटा. पुढच्या खेपेला जपून करूनही तेच. तुमचं दुखणं हेच असेल तर पुढचं वाचा. मला यातून बाहेर पडायला दीड वर्ष आणि सात घाणे लागले, आणि त्यातले निदान चार घाणे मी चुकीच्या जागी उपाय शोधण्यात घालवले.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे १९६३ पासून स्वतःच्या घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर ही मोकळीक १९७८ च्या कायद्यानं आली, वर्षाला एका प्रौढामागे १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा घालून. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे माहितीसाठीच वाचावं.

थर किती जाड आहे ते आधी बघा

घरच्या बाटलीत गॅस भरतो तो यीस्टच भरतं. बाटल्या भरताना थोडी साखर घालायची, बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती खातं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत अडकून बिअरमध्येच विरघळतो आणि काम संपलं की यीस्ट तळाशी जाऊन बसतं. तोच साका. दुकानातल्या बहुतेक बिअरी गाळून आणि बाहेरून गॅस भरून येतात, म्हणून त्यांचा तळ स्वच्छ असतो. इंग्लंडमधल्या बर्टन या बिअरच्या गावची वर्दिंग्टन्स व्हाइट शील्ड बाटलीतच पिकत असे, बेल्जियमच्या मठातली ऑर्व्हाल अजूनही तशीच पिकते आणि तिच्या तळाशी साका असतोच. तेव्हा साका दिसला म्हणून बिअर बिघडली असं समजू नका.

आता एक साधा हिशेब. २० लिटर बिअरला साधारण १२० ग्रॅम साखर घालतात, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत ३ ग्रॅम. बादलीत आंबताना यीस्टनं जी साखर खाल्ली ती याच्या दहा पटीहून जास्त होती. म्हणजे बाटलीत नव्यानं वाढणारं यीस्ट अगदीच थोडं. त्याचा तळाशी पुसट पांढरा पापुद्रा बनतो, चहाच्या कपात साय धरते तेवढा. तुमच्या बाटलीत त्याहून बराच जाड, दोन-तीन मिलिमीटरचा थर असेल तर तो बाटलीत तयार झालेलाच नाही. तो तुम्ही बादलीतून उचलून बाटलीत आणलेला आहे.

हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर मी बाटल्या वाकड्यातिकड्या ठेवून, कापडातून गाळून बघत बसले नसते. (कापडातून किंवा कॉफीच्या कागदातून गाळू नका. गॅस उडून जातो, बिअरला हवा लागते आणि पुढे तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.) साक्याचा खरा उपाय बाटलीचं झाकण लावण्याच्या आधी करायचा असतो.

बाटली आडवी करून बघा

चार दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवलेली एक बाटली घ्या. पारदर्शक काचेची असेल तर उत्तम. मी प्रत्येक घाण्यात एक बाटली मुद्दाम तशी भरते आणि प्रकाशानं हॉप्सना (बिअरला कडवटपणा आणणाऱ्या फुलांना) वास येऊ नये म्हणून तिला मोजा घालून ठेवते. न हलवता उजेडासमोर धरा आणि झाकण न उघडता सावकाश आडवी करत जा.

थर जागचा हलला नाही, किंवा बाटली जवळजवळ आडवी झाल्यावर एकसंध घसरला, तर तुमचं यीस्ट नीट बसलेलं आहे आणि चूक ओतण्यात आहे किंवा गॅसमध्ये. बाटली जरा कलती झाल्याबरोबर धूर निघावा तसा साका उठला तर यीस्ट घट्ट बसलेलंच नाही. साक्यात कापसाच्या पुंजक्यासारखे तपकिरी तुकडे तरंगत असतील तर ती उकळताना साकळलेली प्रथिनं आहेत, बादलीच्या तळातून वर ओढली गेलेली. हिरवट कण म्हणजे हॉप्स.

बिअर न हलवताही थंडपणी धुरकट दिसत असेल तर ते वेगळं प्रकरण. ग्लासात ओतून तळहातांमध्ये धरून ती पंधरा मिनिटं कोमट होऊ द्या. निवळली, तर ते प्रथिनं आणि टॅनिन यांचं थंडीतलं धुकं आहे, साक्याशी त्याचा संबंध नाही. कोमट होऊनही गढूळच राहिली तर बशीत चमचाभर बिअर घेऊन आयोडिनचा एक थेंब टाका. निळंकाळं झालं तर मॉल्टमधला (मोड आणून वाळवलेल्या धान्यातला) स्टार्च पुरता साखरेत उतरलेला नाही. पुढच्या वेळी धान्य गरम पाण्यात जास्त वेळ, ६५ ते ६७ अंशांवर तासभर, ठेवा. बशीतली बिअर अर्थातच फेकून द्यायची.

शेवटची तपासणी गॅसची, आणि ही लोक करत नाहीत. चांगली गार बाटली टेबलावर ठेवूनच उघडा आणि ओतू नका. दोन मिनिटं नुसता तळ बघा. तळातून बुडबुड्यांच्या माळा निघून आपल्याबरोबर साक्याचे धागे वर नेत असतील तर तुम्ही कितीही हळुवार ओता, बिअर गढूळच येणार. बुडबुडे उठण्यासाठी खडबडीत जागा शोधतात आणि यीस्टचा थर ही त्यांच्यासाठी उत्तम जागा असते. हॉप्सचे कण त्याहून उत्तम.

गॅसचा हिशेब

बिअरमधला गॅस बिअरच्या आकारमानाच्या पटीत मोजतात. एल या इंग्लिश पद्धतीच्या बिअरला २ ते २.३ पट पुरतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये साधारण ०.८५ पट गॅस आधीच असतो. साधी साखर लिटरला ४ ग्रॅम घातली की सुमारे १ पट वाढतो. म्हणजे लिटरला ६ ग्रॅम घातली की तुम्ही २.३ च्या पुढे जाता. बिअर करायच्या तयार किटबरोबर येणाऱ्या कागदावर कधीकधी सगळ्या प्रकारच्या बिअरींना सरसकट ८ ग्रॅम लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्या तीन घाण्यांत मी तेच घातलं होतं. साका उठण्याचं निम्मं कारण ते होतं.

साखरेचा आकडा तयार गणकावर काढताना तापमान विचारलं जातं, तिथे आंबण संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला होती ते घाला. बिअर नंतर २ अंशांपर्यंत थंड केली म्हणून २ घातलंत तर हिशेब चुकतो, कारण उबेत उडून गेलेला गॅस थंडीत परत येत नाही.

आणि साखर घालायच्या आधी आंबण खरंच संपलं आहे ना, हे हायड्रोमीटरनं (बिअरची घनता मोजायच्या साधनानं) बघाच. तीन दिवस ओळीनं तोच आकडा यायला हवा. एअरलॉकचे (बादलीच्या झाकणावरची पाण्याची नळी, गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) बुडबुडे थांबले म्हणून संपलं असं धरू नका. घनतेचा एक अंक, म्हणजे १.०११ वरून १.०१०, उतरला की साधारण अर्धा पट गॅस तयार होतो. चार अंक बाकी असताना बाटलीबंद केलंत तर दोन पट गॅस फुकटचा वाढला आणि त्यावर तुमची साखर. हा केवळ गढूळपणाचा प्रश्न उरत नाही, बाटली फुटते. फसफसून उसळणाऱ्या बाटल्यांचा घाणा हाती आला तर आधी डोळ्यांना चष्मा लावा, हातात जाड मोजे घाला, बाटल्या टॉवेलमध्ये धरून फ्रीजमध्ये हलवा आणि पुरत्या गार झाल्यावर एकेक उघडा. यात घाई करू नका.

पाण्यातलं कॅल्शियम

माझा मुख्य अडसर इथे होता आणि तो सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मी आधी रेडिंगला राहत होते. तिथलं पाणी खडूच्या खडकातून येतं, किटलीत दर महिन्याला चुन्याचा पांढरा थर धरायचा. तिथे मी एकच साधी बिअर करत असे: पेल मॉल्ट, थोडा क्रिस्टल मॉल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स आणि सेफेल एस-०४ हे कोरडं यीस्ट. साका काचेला असा चिकटायचा की बाटली धुताना ब्रश लागे. मग आम्ही मँचेस्टरला आलो. तीच पाककृती, तीच बादली, तेच यीस्ट, आणि साका धुरासारखा उठायला लागला. मी पाकिटं बदलली, तापमान बदललं, बादली तीन आठवडे ठेवून बघितली. थोडा फरक पडे, पण बाटली कलती केली की ढग उठायचाच.

मँचेस्टरचं बरंचसं पाणी लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअर आणि हॉजवॉटर या तलावांतून येतं. अत्यंत मऊ पाणी. किटली वर्षानुवर्षं चकचकीत राहते. मऊ पाण्यात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं, आणि यीस्टला बसायला कॅल्शियम लागतं.

कसं ते सांगते, कारण हे कळलं की बाकीचे सगळे उपाय आपोआप लागू पडतात. यीस्टची एक पेशी ५ ते १० मायक्रॉनची. एकटी पेशी बिअरमध्ये इतकी सावकाश खाली येते की दिवसाला काही सेंटिमीटर धरा. बादली हलली, खोली उबदार झाली, तळातून एक बुडबुडा निघाला की तिचा दिवसभराचा प्रवास वाया. पण पेशी एकमेकींना चिकटून पुंजका झाला की वेग एकदम वाढतो, कारण खाली येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहापट मोठा पुंजका शंभरपट वेगानं खाली येतो. आणि असे पुंजके तळाशी एकमेकांत अडकून घट्ट बसतात. साखर संपत आली की यीस्टच्या पेशीभित्तीवरची प्रथिनं शेजारच्या पेशीच्या भित्तीवरची मॅनोज ही साखर पकडतात. ही पकड कॅल्शियमशिवाय नीट लागत नाही.

मी काय केलं: मॉल्ट भिजवण्याच्या आणि धुण्याच्या मिळून २८ लिटर पाण्यात ६ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातलं. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण २३ टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅमची भर पडली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं आणि तिथली पेल एल जगभर गेली त्यात त्या पाण्याचा मोठा वाटा होता. इतर गावांचे बिअरवाले पाण्यात जिप्सम घालायला लागले त्याला बर्टनायझेशन असंच नाव पडलं. जिप्समनं हॉप्सचा कडवटपणा जरा टोकदार होतो. तो नको असेल तर निम्मं जिप्सम आणि निम्मं कॅल्शियम क्लोराइड घाला. मी आता तसंच करते, माझ्या बिअरला ते जास्त शोभतं.

त्या घाण्याची पारदर्शक बाटली मी पाचव्या आठवड्यात आडवी केली आणि थर हलला नाही. मी ती तीनदा सरळ-आडवी करून बघितली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुम्ही धान्याऐवजी मॉल्टच्या पाकापासून बिअर करत असाल तर पाक बनवणाऱ्यांच्या पाण्यातले क्षार त्यात आधीच आलेले असतात. तुमचा प्रश्न बहुधा कॅल्शियमचा नाही. आणि क्षार अंदाजानं घालू नका. पाणी पुरवणारी कंपनी पाण्याचा अहवाल देते, त्यात कॅल्शियम बघा. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर हा भाग सोडून द्या.

यीस्टचा स्वभाव

कॅल्शियम कितीही असो, काही यीस्ट चिकटणारी असतात, काही नसतात. एस-०४ आणि नॉटिंगहॅम घट्ट बसतात. यूएस-०५ भुकटीसारखं बसतं. पेल एलला ते छान आहे, पण त्याच्या बाटलीला फ्रीजमध्ये आठवडाभर जास्त द्यावा लागतो. गव्हाच्या बिअरची यीस्ट मुळात तरंगत राहण्यासाठीच निवडलेली असतात. बव्हेरियात हेफेवायझेन ही गव्हाची बिअर ओतताना बाटलीत थोडी बिअर मागे ठेवतात, बाटली गोल हलवतात आणि साक्यासकट ग्लासात रिकामी करतात. लवंग-केळ्याचा तो वास आणि ती दाट चव साक्याशिवाय पुरी होत नाही. ती बिअर करत असाल तर हे सगळं वाचायची गरज नाही, साका प्या.

थंडी आणि सबुरी

आंबण संपल्यावर बादली आणखी चार-पाच दिवस तशीच ठेवा, मग २ ते ४ अंशांवर तीन ते पाच दिवस. जुना फ्रीज असेल तर त्यात, नसेल तर इथल्या जानेवारीत गॅरेजमध्ये. थंडीत यीस्ट झोपतं, गॅसचे बुडबुडे थांबतात, बिअर बादलीत फिरायची थांबते आणि तरंगणारं सगळं खाली येतं. थंडीत धुकं धरणारी प्रथिनंही त्याबरोबर बरीचशी खाली जातात. बादली गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी बिअरमध्ये ओढलं जातं, म्हणून थंड करण्याआधी एअरलॉक काढून भोक स्वच्छ बुचानं बंद करा.

इतकी निवळलेली बिअर बाटलीत गॅस कशी धरेल, अशी भीती वाटते. मलाही वाटायची. डोळ्यांना नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही मिलिलिटरला लाखो पेशी असतात, तेवढ्या पुरतात. फार तर दोनऐवजी तीन आठवडे लागतील. कित्येक महिने थंडीत ठेवलेल्या लागरला (थंडीत आंबवतात त्या बिअरला) मात्र बाटली भरताना २ ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट द्यावं.

बिअर दुसऱ्या बादलीत काढून आणखी काही आठवडे ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. मी तो मानत नाही. त्यानं साका जितका कमी होतो तितकाच पहिल्या बादलीत थांबूनही होतो, आणि बिअरला हवा लागण्याचा एक प्रसंग टळतो.

निवळवायचे पदार्थ

सांगलीत पावसाळ्यात कृष्णेचं पाणी लाल गढूळ येई, तेव्हा आजी हंड्यात तुरटी फिरवायची. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं धन भाराचं ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि कण एकत्र येऊन बसतात. बिअर निवळवण्याची विद्या अगदी हीच आहे. यीस्टवर ऋण भार, जिलेटिनवर आणि माशाच्या वाताशयापासून काढलेल्या आयसिंग्लासवर धन भार. तुरटी बिअरमध्ये घालू नका, एवढं मात्र सांगून ठेवते.

२० लिटरला एक छोटा चमचा, साधारण ३ ग्रॅम, जिलेटिन गार पाण्यात फुलवायचं, ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, आणि आधीच थंड झालेल्या बिअरमध्ये हलकेच ओतायचं. दोन-तीन दिवसांत बिअर काचेसारखी होते. पण माझी वहिनी शाकाहारी आहे आणि माझी बिअर आवडीनं पिते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, आयसिंग्लास माशाचं. हे तिला सांगितल्याशिवाय पाजणं मला जमलं नसतं, म्हणून दोन्ही सोडली. तुमच्याकडे आपली मंडळी येत असतील तर घालण्याआधी विचार करा, आणि घातलंत तर सांगा. इंग्लंडमध्ये पिंपातल्या एलमध्ये आयसिंग्लास पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत, आणि गिनेसनंही ते बंद करायचं २०१५ साली जाहीर केलं.

मी वापरते ती समुद्री शेवाळाची गोळी, प्रोटाफ्लॉक. उकळण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत २० लिटरला अर्धी. ती यीस्टवर काम करत नाही, प्रथिनांना गोळा करते. जास्त घातली तर पातेल्याच्या तळाशी पिंजलेल्या कापसासारखा गाळ होतो, तो बसत नाही आणि बिअर वाया जाते. उकळणं संपलं की तांब्याच्या नळीतून गार पाणी फिरवून वॉर्ट (अजून न आंबलेला मॉल्टचा गोड रस) अर्ध्या तासात थंड करा, म्हणजे उरलेली प्रथिनंही तिथेच साकळतात. उशिरा घालायचे हॉप्स मलमलीच्या पिशवीत घाला.

बाटलीत थेट जिलेटिन घालायच्या फंदात पडू नका. असा साका बाटलीत फुगीर आणि हलका बसतो, नेमकं जे नको तेच.

बाटल्या भरायचा दिवस

बादली आदल्या रात्रीच टेबलावर उचलून ठेवा. मी पूर्वी सकाळी उचलायचे आणि तासाभरात भरायला घ्यायचे. दहा दिवस शांत बसलेला गाळ त्या उचलण्यानं उठायचा आणि नळीतून बाटल्यांत जायचा.

सायफनचं टोक गाळाच्या चार बोटं वर ठेवा आणि बिअर उतरेल तसं खाली आणा. तळाशी दीड लिटर राहू द्या. जिवावर येतं, पण त्या दीड लिटरच्या तीन बाटल्या मिळवण्यासाठी बाकीच्या पस्तीस गढूळ होतात. अगदीच टाकवत नसेल तर ती शेवटी वेगळी भरा आणि झाकणांवर फुली मारा. भज्यांच्या पिठात घालायला त्या उत्तम.

साखर कपभर पाण्यात उकळून, गार करून, साखर घालायच्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता आणि वर बिअर सोडा. वर-खाली दोन-तीनदा निर्जंतुक चमच्यानं हलकेच ढवळा. हे ढवळणं चुकलं की काही बाटल्या सपक निघतात आणि काही उसळतात. तुमच्याकडे काहीच बाटल्यांत साका उठत असेल तर आधी इथे बघा.

बाटलीच्या मानेला आतून कड धरली आहे, बिअर आंबट लागते आणि आठवड्यागणिक जास्त फसफसते आहे, असं असेल तर बाहेरचा जंतू शिरला आहे. एखाद-दुसऱ्या बाटलीत असेल तर ती बाटली नीट धुतली गेलेली नव्हती. सगळ्यांत असेल तर बादली, नळी किंवा तोटी. माझ्या सहाव्या घाण्यात सगळ्या बाटल्यांना कड धरली. बादली नवी, नळी नवी. शेवटी प्लास्टिकची तोटी फिरवून दोन भागांत मोकळी केली, तर आत पाच घाण्यांचा राखाडी चिकट थर होता. ती तोटी मोकळी होते हेच मला माहीत नव्हतं. आता प्रत्येक वेळी खोलून गरम पाण्यात भिजवते.

ठेवणं आणि ओतणं

भरलेल्या बाटल्या १८ ते २२ अंशांवर दोन-तीन आठवडे उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या तर साका बाजूला पट्टा धरतो आणि ओतताना त्याच्यावरूनच बिअर वाहते. मग फ्रीजमध्ये निदान चार दिवस, जमलं तर दोन आठवडे. गाडीतून कुणाकडे नेल्यात तर त्याच दिवशी उघडू नका. दोन-तीन दिवस तिथल्या फ्रीजमध्ये उभ्या राहू द्या.

तूप कढवल्यावर बेरी तळाशी ठेवून पातेलं एकदाच कलतं करतात आणि तूप संपेपर्यंत ते सरळ करत नाहीत. बाटलीचंही तसंच. ओतायला लागलं की मध्ये थांबायचं नाही. बाटली सरळ केली की बिअर मागे आपटते आणि साका उठतो. म्हणून अख्खी बाटली एकाच वेळी मावेल असा ग्लास घ्या. ५०० मिलीच्या बाटलीला ५६८ मिलीचा पाइंट ग्लास पुरतो, फेस जरा आवरावा लागतो. दोघांत वाटून घ्यायची असेल तर दोन ग्लास शेजारी धरून बाटली कलतीच ठेवत एकातून दुसऱ्यात जा, किंवा सरळ जगमध्ये ओता. मानेपाशी उजेड ठेवा. साक्याची पहिली रेघ खांद्यापर्यंत आली की थांबा. दीड-दोन चमचे बिअर मागे राहते, तेवढीच.

चुकून साका ग्लासात गेला तर घाबरू नका, तो बी जीवनसत्त्वांनी भरलेला असतो. काहींना पोटात गॅस होतो इतकंच.

बाटल्या वर्षभर ठेवायच्या असतील तर पातळ साका त्रास देत नाही. जाड थर देतो. उपाशी यीस्ट हळूहळू फुटतं आणि बिअरला मांसाच्या रश्श्यासारखी, मार्माइटसारखी चव येते. मार्माइट मुळात यीस्टचंच आहे, १९०२ साली बर्टनमध्येच, तिथल्या बिअरच्या कारखान्यांतून उरलेल्या यीस्टपासून ते करायला सुरुवात झाली. पावावर ते आवडत असेल तर छान; बिअरमध्ये ते नको.

बाटली रिकामी झाली की लगेच, ग्लास हातात घ्यायच्या आधी, तीनदा पाण्यानं खळखळून धुवा आणि उजेडाकडे धरून तळ बघा. साका सुकला की काचेला सरसासारखा चिकटतो, आणि पुढच्या घाण्यात तोच कोपऱ्यातून सुटून वर येतो. धुतलेली बाटली उलटी करून ठेवा.